एमडीची नशा तासाभराची, मग व्यसन वर्षानुवर्षे का टिकते?

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत ‘एमडी’ या अमली पदार्थाचे नाव सतत दिसते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावातील कारखान्यावर छापा घातला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी पुणे, कुरकुंभची औद्योगिक वसाहत आणि दिल्ली येथून मिळून दीड हजार किलोंहून अधिक माल पकडला. २०२५ मध्ये तुळजापूरसारख्या तीर्थक्षेत्रातूनही हेच नाव पुढे आले. अशा प्रत्येक बातमीत जप्त मालाची किंमत कोटींत सांगितलेली असते आणि पोत्यांमागे उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांचे छायाचित्र असते. ती पूड शरीरात गेल्यावर काय करते, एकाला ती सहज सोडता येते आणि दुसऱ्याला का येत नाही, याविषयी मात्र बातमीत बहुधा एक ओळही नसते. ज्यांच्या घरातला मुलगा किंवा मुलगी तिच्या नादी लागली आहे, त्या आईवडिलांना कोटींच्या आकड्याचा काडीचाही उपयोग नाही. हा लेख त्यांच्यासाठी आणि ही वेळ आपल्यावर येणारच नाही असे वाटणाऱ्यांसाठीही आहे.

ही पूड आहे तरी काय?

एमडी म्हणजे मेफेड्रोन. ‘म्याऊ म्याऊ’ हे तिचेच दुसरे नाव. पूर्व आफ्रिकेत आणि येमेनमध्ये ‘खात’ नावाच्या झुडपाची पाने तरतरी येण्यासाठी चघळतात. त्या पानांतील कॅथिनोन या द्रव्याचा मेफेड्रोन हा प्रयोगशाळेत तयार झालेला भाऊबंद आहे. ते पहिल्यांदा १९२९ मध्ये बनवले गेले आणि नंतर विस्मृतीत गेले. २००३ च्या सुमारास इंटरनेटवर त्याची पुन्हा चर्चा सुरू झाली आणि काही वर्षांतच युरोपात ‘झाडांचे खत’ या नावाने, पाकिटावर ‘मानवी सेवनासाठी नाही’ असे छापून, ते उघडपणे विकले जाऊ लागले. ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये त्यावर बंदी घातली. आपल्याकडे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत त्याचा समावेश फेब्रुवारी २०१५ मध्ये झाला. तोपर्यंत त्याचा व्यापार मुंबईत चांगलाच रुजला होता.

अफूसाठी शेत लागते, कोकेनसाठी दक्षिण अमेरिकेतील कोकाची पाने लागतात. एमडीला यांपैकी काहीच लागत नाही. तिच्यासाठी लागणारी रसायने औषधनिर्मितीच्या आणि रसायनांच्या नेहमीच्या व्यवहारातलीच आहेत, त्यामुळे औद्योगिक वसाहतीतील एखादा बंद पडलेला गाळा आणि रसायनशास्त्र जाणणारा एक माणूस एवढ्यावर काम भागते. सीमेवरचा बंदोबस्त कितीही कडक केला तरी माल कमी का होत नाही, याचे उत्तर यात आहे. ग्राहकाच्या हाती ती येते तेव्हा टपाल तिकिटाएवढ्या प्लास्टिकच्या पुडीत पांढरी किंवा किंचित पिवळसर भुकटी असते. एटीएम कार्डाने तिची रेघ ओढायची आणि गुंडाळलेल्या नोटेतून नाकाने ओढायची, ही नेहमीची पद्धत. काही जण ती पेयात मिसळतात किंवा कागदात गुंडाळून गिळतात. त्या पुडीत मेफेड्रोन किती आणि भेसळ किती, हे विकणाऱ्यालाही बहुतेक वेळा ठाऊक नसते.

मेंदूत नेमके काय घडते?

मेंदूतील पेशी एकमेकींना रसायनांमार्फत निरोप देतात. त्यांपैकी एकाचे नाव डोपामिन. त्याला सर्रास ‘आनंदाचे रसायन’ म्हटले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. डोपामिनचे मुख्य काम शिकवण्याचे आहे. भुकेच्या वेळी मिळालेले अन्न, आवडत्या माणसाची भेट, परीक्षेतले यश अशा प्रसंगी ते थोडेसे स्रवते आणि ‘हे कामाचे आहे, हे कुठे आणि कसे मिळाले ते ध्यानात ठेव, पुन्हा कर’ अशी नोंद मेंदूत करून ठेवते. काम झाले की पेशी ते रसायन परत आत ओढून घेते.

शेतकरी वाफ्याला पाणी देतो तेव्हा एक बारे फोडतो, वाफा भिजला की ते मातीने बंद करतो आणि पाणी पुढच्या वाफ्यात वळवतो. मेफेड्रोन ही शिस्तच उधळून लावते. रसायन परत आत ओढणारी जी द्वारे असतात, त्यांनाच ती उलटे चालवते, त्यामुळे सगळी बारी एकाच वेळी फुटावीत तसे डोपामिन बाहेर लोटते. त्याच्या जोडीला सेरोटोनिन हे मनःस्थितीशी निगडित रसायन आणि हृदयाला धावते करणारे नॉरअॅड्रेनालिनही वाहू लागते. म्हणूनच एमडी घेतलेला माणूस एकाच वेळी उत्साही, बडबडा, सगळ्यांवर प्रेम उतू जाणारा आणि घामाने निथळलेला दिसतो.

असा पूर वारंवार येऊ लागला की मेंदू स्वतःला वाचवण्यासाठी डोपामिनचा निरोप ऐकणारी केंद्रे कमी करतो. मग पहिल्याइतकाच परिणाम साधण्यासाठी अधिक पूड लागते. त्याहून वाईट म्हणजे जेवण, क्रिकेट, मित्रांच्या गप्पा यांतून मिळणारा साधा आनंद त्या मंदावलेल्या केंद्रांपर्यंत पोहोचतच नाही. आणखीही एक गोष्ट घडते. वस्तू आवडणे आणि वस्तूची ओढ लागणे या मेंदूच्या दृष्टीने दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. व्यसन मुरले की आवड घटत जाते आणि ओढ वाढत जाते. ‘आता त्यात मजाही येत नाही, तरी घेतो’ असे व्यसनी माणूस सांगतो तेव्हा घरच्यांना तो बहाणा वाटतो. प्रत्यक्षात आपल्या अवस्थेचे इतके अचूक वर्णन त्याने क्वचितच दुसरे केलेले असते.

तासाभराचीच नशा असेल तर धोका कमी नाही का?

उलट धोका तिथेच आहे. नाकाने ओढलेल्या एमडीचा अंमल साधारण तासाभरात ओसरू लागतो आणि तो ओसरताना येणारी उदासी आणि चिडचिड असह्य वाटते, म्हणून लगेच दुसरी रेघ ओढली जाते. एका रात्रीत पुडी कधी संपली हे कळत नाही. दारू पिणाऱ्याला कधी तरी झोप लागते, एमडी घेणाऱ्याला ती लागतच नाही. दोन-दोन रात्री जागून काढल्यावर तो दिवसभर मेल्यासारखा झोपतो. घरच्यांच्या प्रथम नजरेत भरते ते हे वेळापत्रक. जबडा आवळणे, दात खाणे, गालाची आतली बाजू चावल्याने तोंडात पडलेल्या जखमा, सर्दी नसताना सतत ओढले जाणारे नाक, नाकातून येणारे रक्त, झपाट्याने घटलेले वजन, हीही ठळक लक्षणे आहेत. मात्र यांतील एखाद्या लक्षणावरून मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. जागरण आणि चिडचिड परीक्षेच्या दिवसांतही असते.

शरीरावरचा ताण मुख्यतः हृदयावर आणि तापमानावर येतो. नाडी आणि रक्तदाब वाढतो, हाताची बोटे थंड आणि निळसर पडू शकतात. गर्दीत तासन्‌तास नाचणाऱ्याचे शरीर धोकादायक पातळीपर्यंत तापू शकते. सतत घेणाऱ्यांपैकी काहींना कोणी तरी पाठलाग करत आहे, घरचेच कट करत आहेत असे भास आणि संशय सुरू होतात. एमडीसोबत दारू प्यायली तर दारू चढल्याचे जाणवत नाही, म्हणून ती अधिक प्यायली जाते आणि एमडी उतरल्यावर तिचा सगळा भार एकदम अंगावर येतो. झोप यावी म्हणून ‘बटन’ नावाने विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्या घेण्याची प्रथाही आहे, आणि दारूबरोबर त्या घेतल्या तर श्वास मंदावून माणूस दगावू शकतो.

छातीत दुखणे, झटके, अंग भट्टीसारखे तापणे, शुद्ध हरपणे यांपैकी काहीही दिसले तर क्षणाचाही विचार न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत कपडे सैल करावेत, ओल्या फडक्याने अंग पुसावे, बेशुद्ध असल्यास कुशीवर वळवून ठेवावे आणि एकटे सोडू नये. डॉक्टरांना काय घेतले ते खरे सांगावे. लाजेपोटी ‘काही तरी खाण्यात आले’ असे सांगण्यात जी पंधरा मिनिटे जातात, ती फार महाग पडू शकतात.

पण घेणारे सगळेच कुठे व्यसनी होतात?

होत नाहीत, आणि हे मुलांपासून लपवण्यात अर्थ नाही, कारण न अडकलेले मित्र त्यांना आजूबाजूला दिसतच असतात. अमेरिकेत १९९० च्या दशकात झालेल्या एका मोठ्या सर्वेक्षणानुसार, एखादा पदार्थ आयुष्यात कधी तरी घेणाऱ्यांपैकी पुढे त्याच्या आहारी गेलेल्यांचे प्रमाण तंबाखूबाबत सुमारे ३२ टक्के, हेरॉइनबाबत २३, कोकेनबाबत १७, दारूबाबत १५ आणि गांजाबाबत ९ टक्के होते. ज्या वस्तूची पुडी प्रत्येक टपरीवर टांगलेली असते ती या यादीत सर्वांत वर आहे, याचे आपल्याला आश्चर्यही वाटेनासे झाले आहे.

अडचण अशी की अडकणारे कोण, हे आधी सांगता येत नाही. व्यसनाधीनतेच्या शक्यतेत आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा मानला जातो. नैराश्य, अतिचंचलता किंवा बालपणीचा आघात सोबत असेल तर धोका वाढतो. सर्वांत मोठा प्रश्न वयाचा आहे. मोह आवरणारा, परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग वयाच्या पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो, तर ओढ लावणारी यंत्रणा पंधराव्या-सोळाव्या वर्षीच जोमात असते. त्यामुळे ‘एकदा घेऊन बघ’ हा आग्रह सोळाव्या वर्षी होणे आणि तिसाव्या वर्षी होणे या सारख्या गोष्टी नाहीत. पहिल्या अनुभवाचे वय जितके लांबवता येईल, तितका धोका कमी होतो.

मनावर घेतले तर सोडता येत नाही का?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा अभ्यास नेहमी पुढे येतो. १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांपैकी सुमारे एक पंचमांश तिथे अफूजन्य पदार्थांच्या, मुख्यतः हेरॉइनच्या आहारी गेले होते. ली रॉबिन्स या संशोधिकेने त्यांचा पाठपुरावा केला तेव्हा असे आढळले की तिथे व्यसनी झालेल्यांपैकी परतल्यावर वर्षभरात पुन्हा व्यसनाच्या आहारी गेलेले केवळ ५ टक्क्यांच्या आसपास होते आणि तीन वर्षांतही हे प्रमाण सुमारे १२ टक्केच होते. बहुतेकांनी काही खास उपचारही घेतले नव्हते.

‘बघा, ठरवले तर सुटते’ असा अर्थ यातून काढणारे बरेच असतात. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. सैनिकांनी हेरॉइन सोडले तेव्हा त्यांनी व्हिएतनामही सोडले होते. ती छावणी, ती भीती, माल आणून देणारे ते हात, सोबत घेणारे ते मित्र, सगळे हजारो मैल मागे राहिले. आपल्याकडचा मुलगा व्यसनमुक्ती केंद्रातून सुटतो आणि त्याच गल्लीत, त्याच कट्ट्यावर, त्याच फोनमधल्या त्याच क्रमांकांकडे परततो. आपण त्याला बरे करून पुन्हा त्याच्या व्हिएतनामला पाठवतो.

डोपामिन शिकवण्याचे काम करते असे वर म्हटले, त्याचा अर्थ इथे उलगडतो. मेंदूने पुडीबरोबर तिच्या आसपासचे सगळेच पाठ केलेले असते. समुपदेशक रुग्णाला नुसते ‘का घेतलीस?’ असे विचारत नाही, ‘घेण्याआधीचे दोन तास सांग’ असे म्हणतो. मग हळूहळू बाहेर येते की शनिवार होता, पगाराचा मेसेज आला होता, घरी बोलाचाली झाली होती, गाडी नेहमीच्या पुलाखालून न्यायची काही गरज नव्हती तरी नेली, आणि टपरीवर तो मित्र दिसण्याआधीच तोंडाला कोरड पडून छाती धडधडू लागली होती. घ्यायचे की नाही हा निर्णय रेघ ओढताना होत नाही, तो पुलाखालच्या वळणावर झालेला असतो. इच्छाशक्ती लागतेच, पण ती त्या वळणाआधी वापरायची असते. टपरीसमोर उभे राहून तिची परीक्षा पाहणाऱ्यांपैकी बहुतेक जण हरतात.

सोडल्यानंतरचे दिवस

नशा बंद केल्यावर होणाऱ्या त्रासाला वियोगलक्षणे म्हणतात आणि ती प्रत्येक पदार्थाची वेगळी असतात. नेमक्या याच ठिकाणी घरच्यांकडून दोन उलट्या चुका होतात.

पहिली चूक दारू आणि झोपेच्या गोळ्यांबाबतची. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास थरथर, भ्रम, ताप अशी जिवावर बेतणारी अवस्था उद्भवू शकते. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे देऊनच करायचे असते. ‘बटन’ गोळ्यांचेही तेच. गर्द, म्हणजे भेसळयुक्त हेरॉइन, किंवा इतर अफूजन्य पदार्थ बंद केल्यावर यातना खूप होतात, त्यांनी सहसा जीव जात नाही, मात्र काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते आणि पूर्वीइतकीच मात्रा पुन्हा घेतली तर श्वास थांबू शकतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही दिवस म्हणूनच सर्वाधिक जोखमीचे असतात.

दुसरी चूक एमडीबाबतची. एमडी बंद केल्यावर सहसा ना झटके येतात, ना हातपाय थरथरतात. पहिले काही दिवस मुलगा नुसता झोपतो आणि भरपूर खातो. घरच्यांना वाटते, सुटला. पण त्यानंतरच्या आठवड्यांत कशातच मन न लागणे, खोल उदासी आणि अचानक उसळणारी तलफ हे खरे दुखणे सुरू होते. काहींच्या मनात आत्महत्येचे विचारही येतात. मेथअँफेटामाइन या एमडीसारख्याच उत्तेजक पदार्थाच्या व्यसनींच्या मेंदूची छायाचित्रे पाहता, डोपामिनच्या व्यवस्थेतील बिघाड भरून येण्यास वर्षाहून अधिक काळ लागू शकतो. या काळात ‘आता तर काही घेत नाहीस, मग असा लोळतोस का?’ असे टोमणे मारणे म्हणजे प्लास्टर काढल्याच्या दिवशी पळायला लावण्यासारखे आहे.

केंद्रात ठेवले की प्रश्न सुटला ना?

केंद्रातला काळ ही उपचारांची सुरुवात असते. गर्दचे व्यसन फोफावत होते तेव्हा, १९८६ मध्ये, पुण्यात डॉ. अनिता (सुनंदा) आणि डॉ. अनिल अवचट यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या संस्थांनी दाखल असण्याच्या काळाइतकाच भर नंतरच्या पाठपुराव्यावर आणि कुटुंबाबरोबरच्या कामावर दिला, तो याच कारणाने. दारू आणि अफूजन्य पदार्थांसाठी तलफ कमी करणारी औषधे उपलब्ध आहेत. एमडीसारख्या उत्तेजकांसाठी असे सिद्ध झालेले औषध अद्याप नाही, त्यामुळे समुपदेशन, तलफेच्या वळणांची ओळख आणि दिनक्रमाची नवी बांधणी यांवरच भिस्त ठेवावी लागते. लघवीची तपासणी स्वच्छ आली की छोटेसे बक्षीस देण्याची पद्धत उत्तेजकांच्या व्यसनात चांगली लागू पडते असे संशोधन सांगते. ऐकायला ती पोरकट वाटते, पण मंदावलेल्या मेंदूला जवळचा आणि नक्की मिळणारा मोबदलाच समजतो. एक व्यावहारिक सूचना म्हणजे औषध दुकानांत मिळणाऱ्या सगळ्याच तपासणी किटमध्ये मेफेड्रोन सापडत नाही, तेव्हा घरी केलेली चाचणी निर्दोष आली म्हणून निश्चिंत राहू नये.

पुन्हा घसरण झाली तर? व्यसनात ती ४० ते ६० टक्के रुग्णांत होते, आणि उच्च रक्तदाब किंवा दम्याचे रुग्ण औषध-पथ्य मोडून पुन्हा आजारी पडण्याचे प्रमाणही साधारण याच घरात आहे. रक्तदाब वाढलेल्या काकांना कोणी ‘तुमच्यावर केलेला खर्च वाया गेला’ असे म्हणत नाही.

सुधारण्याच्या नावाखाली मारहाण करणारी, साखळीने बांधणारी केंद्रेही आहेत, हे सांगितलेच पाहिजे. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजारात मोडतात, आणि त्या कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडात ठेवण्यास मनाई केली आहे. केंद्र निवडताना तिथे मानसोपचारतज्ज्ञ कधी येतात, नातेवाइकांना रुग्णाला भेटता येते का, आणि सुटल्यानंतर किती काळ पाठपुरावा होतो, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे देताना टाळाटाळ झाली तर तिथून उठावे.

डॉक्टरांकडे गेलो तर पोलिसांत जाईल, त्याचे काय?

ही भीती आणि समाजाची लाज मिळून माणसांना उपचारांपासून दूर ठेवतात. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात, दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणत्या तरी प्रकारची मदत मिळाल्याचे दिसले, आणि दारू तर कायदेशीर आहे.

कायदा कडक आहे यात शंका नाही. एमडीच्या बाबतीत २ ग्रॅमपर्यंतचा साठा ‘अल्प’ समजला जातो आणि त्यालाही वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. ५० ग्रॅमच्या पुढे तो ‘व्यापारी’ ठरतो आणि किमान शिक्षा दहा वर्षांची आहे. मित्राची पुडी खिशात ठेवून देणाऱ्या मुलाला हे आकडे माहीत असायलाच हवेत. पण याच एनडीपीएस कायद्याचे कलम ६४अ असे सांगते की केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते.

मुलगा यायलाच तयार नसेल तर घरच्यांनी आधी एकट्याने जावे. नशेत असताना वाद घालू नये, पैसे हातात देण्याऐवजी फी किंवा बिल परस्पर भरावे, त्याने केलेली उधारी गुपचूप फेडू नये, आणि तो शुद्धीवर असताना, थकलेला असताना उपचारांचा विषय काढावा, अशा गोष्टी समुपदेशक घरच्यांना शिकवतात. आईवडिलांच्या वागण्यातल्या या बदलामुळे आधी ठाम नकार देणारी बरीच मुले पुढे स्वतःहून तयार होतात. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा १४४१६. दोन्हींवर फोन करणे निःशुल्क आहे, आणि तो फोन रुग्णानेच करायला हवा असे नाही.